टोर्नेडोचा वेग जास्त, मग हरिकेन 'सर्वांत शक्तिशाली' कसं?

कुतूहल_कोपरा (धागाकर्ता)

दोन ठिकाणी दोन उलट विधानं वाचली. एकीकडे लिहिलंय, 'वाऱ्याचा सगळ्यात जास्त जोर टोर्नेडोत असतो.' दुसरीकडे, 'हरिकेनइतकं शक्तिशाली वादळ पृथ्वीवर दुसरं नाही.' दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? हरिकेनच्या कॅटेगरी १ ते ५ आणि टोर्नेडोच्या ईएफ० ते ईएफ५, म्हणजे कॅटेगरी ५ बरोबर ईएफ५ असं धरायचं का? शिवाय अमेरिकेतल्या बातम्यांत हल्ली 'डेरेचो' हा तिसराच प्रकार दिसतो, तो यात कुठे बसतो? आकडे देऊन सांगितलंत तर बरं, 'महाभयंकर' आणि 'रौद्र' वाचून कंटाळा आला.

---

आपला_बंड्या

टोर्नेडो. विषय संपला.

---

पश्चिमवारा

बंड्या, विषय आत्ता सुरू होतोय.

आधी नावं. हरिकेन, टायफून आणि आपल्याकडचं चक्रीवादळ हे एकच प्रकरण. अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिकमध्ये त्याला हरिकेन म्हणतात, वायव्य पॅसिफिकमध्ये टायफून. त्यामुळे खाली ऑस्ट्रेलिया किंवा फिलिपिन्सच्या बाजूची उदाहरणं आली तर ती विषय सोडून नाहीत.

आता नुसता वेग बघू. हरिकेनमधला सर्वांत मोठा नोंदलेला सलग वेग २०१५ च्या पॅट्रिशियाचा, मेक्सिकोच्या पश्चिमेला, ताशी ३४५ किमी. टोर्नेडोत ३ मे १९९९ ला ओक्लाहोमातल्या ब्रिज क्रीक-मूरजवळ ट्रकवर बसवलेल्या डॉप्लर रडारने ताशी ४८४ किमी मोजला, त्यात ३२ किमी इकडेतिकडे. म्हणजे वेगाच्या शर्यतीत टोर्नेडो सरळ पुढे.

पण हे दोन आकडे शेजारी ठेवायचेच नसतात, आणि बहुतेक लेखांत हाच घोळ होतो. पॅट्रिशियाचे ३४५ म्हणजे एका मिनिटाची सरासरी. टोर्नेडोचा आकडा म्हणजे रडारला क्षणभर, एका छोट्या भागात, जमिनीच्या थोडं वर दिसलेला वेग. वारा कधीच एकसारखा वाहत नाही. मिनिटाच्या सरासरीत त्याचे झटके बुडून जातात. हरिकेनमध्ये ३ सेकंदांचा झटका साधारण सरासरीच्या सव्वापट असतो, जमिनीवर घरंझाडं असली की त्याहून जास्त.

झटक्याला झटका लावला तर चित्र बदलतं. १० एप्रिल १९९६ ला ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर ऑलिव्हिया चक्रीवादळात ताशी ४०८ किमीचा झटका यंत्राने नोंदला. जागतिक हवामान संघटनेने तो २०१० मध्ये मान्य केला. टोर्नेडो सोडून इतर कुठल्याही वाऱ्याचा हा उच्चांक. त्याआधीचा विक्रम, ताशी ३७२ किमी, १९३४ चा, माउंट वॉशिंग्टन या अमेरिकेतल्या शिखरावरचा. तिथे ना हरिकेन होतं ना टोर्नेडो.

कॅटेगरी आणि ईएफबद्दल. हरिकेनच्या सॅफिर-सिम्पसन श्रेणीत कॅटेगरी १ ताशी ११९ किमीला सुरू होते, २ ही १५४ ला, ३ ही १७८ ला, ४ ही २०९ ला आणि ५ ही २५२ ला. हे सगळे एक मिनिटाच्या सरासरीचे आकडे. टोर्नेडोची ईएफ (एन्हान्स्ड फुजिता) श्रेणी ३ सेकंदांच्या झटक्याची: ईएफ० १०५ पासून, ईएफ१ १३८, ईएफ२ १७८, ईएफ३ २१८, ईएफ४ २६७ आणि ईएफ५ ३२२ च्या वर. आता कॅटेगरी ५ चा उंबरठा, २५२, त्याची सव्वापट ३१५. हा झटका ईएफ४ च्या वरच्या टोकाला पडतो. म्हणजे दोन्हीकडे '५' लिहिलंय म्हणून तुलना लावली की जवळजवळ एक पायरी चुकते.

आपल्याकडे आणखी एक मेख. भारतीय हवामान विभाग ३ मिनिटांची सरासरी धरतो, बरेच देश १० मिनिटांची. त्याच वादळाचा आकडा सरासरी लांबली की खाली येतो. त्यामुळे २०२० चं निसर्ग हे हवामान विभागाच्या भाषेत 'तीव्र चक्रीवादळ' होतं (ताशी ८९ ते ११७), ते थेट अमेरिकन श्रेणीवर ठेवून 'कॅटेगरी १ सुद्धा नव्हतं' असं म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं.

---

आपला_बंड्या

म्हणजे झटक्याला झटका लावला तरी ४८४ विरुद्ध ४०८. टोर्नेडोच.

---

पश्चिमवारा

वेगात, हो. आता एकूण ऊर्जा बघ, ढोबळ हिशेब कागदावर होतो.

एक दणदणीत टोर्नेडो धर: त्रिज्या २०० मीटर, आतला सरासरी वेग सेकंदाला ६० मीटर. एक मध्यम हरिकेन धर: त्रिज्या ३०० किमी, सगळ्या पसाऱ्यात सरासरी वेग सेकंदाला फक्त २० मीटर. दोन्हींचा जमिनीलगतचा एक किमी उंचीचा थरच घेऊ. त्रिज्या १५०० पट, म्हणून हवा २२ लाख ५० हजार पट. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाने बदलते, टोर्नेडोचा वेग तिप्पट, म्हणून दर घनमीटरला त्याची ऊर्जा नऊपट. २२.५ लाखांना नऊने भागलं, उरले अडीच लाख. म्हणजे त्या एका हरिकेनच्या वाऱ्यात तसले अडीच लाख टोर्नेडो मावतील.

आणि ही फक्त वाऱ्याची बाजू. हरिकेनचं खरं इंजिन वाफेचं पाणी होताना सुटणारी उष्णता. अमेरिकेच्या हरिकेन संशोधन विभागाचा एक प्रसिद्ध हिशेब आहे: ६६५ किमी त्रिज्येत दिवसाला सरासरी दीड सेंटिमीटर पाऊस धरला, तर ती उष्णता सगळ्या जगाच्या वीजनिर्मिती क्षमतेच्या सुमारे २०० पट भरते. त्यातला पाव टक्का वाऱ्याच्या वाट्याला येतो, तोच जगाच्या वीजक्षमतेच्या निम्मा. हिशेब जुना आहे, आज वीजक्षमता वाढलीय, पण अंदाज यायला पुरेसा.

तर तुमची दोन्ही विधानं खरी: चौरस मीटरमागे जोर टोर्नेडोचा, एकूण ताकद हरिकेनची.

---

दर्यावर्दी

वरचं सगळं मान्य, पण 'मध्यम हरिकेन' हा शब्द फार सांभाळून वापरायला हवा. हरिकेनच्या आकारात जितका फरक असतो तितका वेगात नसतो.

दोन टोकं देतो. १९७९ चं टायफून टिप: ताशी ६३ किमीहून जोरात वारे असलेल्या भागाचा व्यास २,२२० किमी. क्षेत्रफळ काढा, जवळपास ३९ लाख चौरस किमी येतं, भारताच्या ३३ लाखांपेक्षा जास्त. समुद्रसपाटीवरचा आजवरचा सर्वांत कमी दाब, ८७० हेक्टोपास्कल, त्याचाच. दुसरं टोक १९७४ चं ट्रेसी, नाताळच्या पहाटे ऑस्ट्रेलियातल्या डार्विनवर आलेलं. तसेच वारे केंद्रापासून फक्त ४८ किमीपर्यंत. क्षेत्रफळ ७,२०० चौरस किमीच्या आसपास, पुणे जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. टिप ट्रेसीच्या पाचशे पटींहून मोठं. तरी ट्रेसीने विमानतळावरच्या वेगमापकावर ताशी २१७ किमी दाखवले आणि मग यंत्रच बंद पडलं. डार्विनमधली बहुतेक घरं गेली.

मधे २०१२ चं सँडी. न्यू जर्सीला धडकताना वाऱ्याचा जोर ताशी १३० च्या आसपास, म्हणजे श्रेणीवर तळाशी. पण पसारा सुमारे १,८५० किमी. महाराष्ट्र त्यात पावणेनऊ वेळा बसतो. न्यू जर्सीतल्या एडिसन आणि आसपास जी मराठी वस्ती आहे, त्यातले बरेचजण समुद्रापासून बऱ्यापैकी आत होते आणि तरी कित्येक दिवस विजेविना राहिले, ते या पसाऱ्यामुळे.

आता आकार का महत्त्वाचा. हरिकेनमध्ये माणसं मारतं ते मुख्यतः पाणी. अमेरिकेत १९६३ ते २०१२ मधल्या थेट मृत्यूंपैकी साधारण निम्मे समुद्राचं पाणी आत घुसून आणि चौथ्या हिश्श्याहून थोडे अधिक पावसाच्या पुराने झाले. वाऱ्याने दहा टक्क्यांच्या आत. किनाऱ्यावर चढणारं हे पाणी, ज्याला 'स्टॉर्म सर्ज' म्हणतात, ते कमी दाबामुळे चढतं असा समज आहे. तसं फार थोडं. दाब एक हेक्टोपास्कलने उतरला की पाणी एक सेंटिमीटर वर येतं. म्हणजे दाब शंभराने पडला तरी जेमतेम एक मीटर. बाकीचं पाणी वारा ढकलत आणतो, आणि किती लांबून ढकलतो, किती तास ढकलतो, समुद्राचा तळ किती उथळ आहे, यावर त्याची उंची ठरते.

२००४ चं चार्ली आणि २००८ चं आइक शेजारी ठेवा. चार्ली फ्लोरिडात कॅटेगरी ४ म्हणून आलं, वारे ताशी २४० च्या घरात, पण लहानसं. पाणी दोन ते अडीच मीटर चढलं. आइक टेक्सासात कॅटेगरी २ म्हणून आलं, पण अवाढव्य. गॅल्व्हेस्टनच्या पूर्वेला बोलिव्हर पट्टीवर साडेचार ते सहा मीटर पाणी. फक्त कॅटेगरी बघून घरात थांबणारा माणूस आइकमध्ये फसतो. कॅट्रिना तर आदल्या दिवशी कॅटेगरी ५ होतं, धडकताना ३ वर उतरलं, पण आधीच ढकललेलं पाणी काही मागे गेलं नाही. मिसिसिपीच्या पास ख्रिश्चनला साडेआठ मीटर नोंदलं गेलं.

बंगालच्या उपसागराचं उत्तरेकडचं टोक उथळ आणि नरसाळ्यासारखं निमुळतं. १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं गेली ती मुख्यतः पाण्यानेच. वाऱ्याच्या वेगात त्याच्याहून वरचढ वादळं कितीतरी आहेत.

---

कुतूहल_कोपरा

दोघांचेही आभार. पण मग टोर्नेडो वाढत वाढत हरिकेनएवढा का होत नाही? दोन्ही फिरतातच ना? आणि डेरेचो राहिला.

---

ढग_आणि_ढोल

टोर्नेडो हा छोटा हरिकेन नाही, दोघांची कूळकथाच वेगळी.

हरिकेनला लागतं २६.५ अंशांहून गरम समुद्राचं पाणी, तेही पन्नासेक मीटर खोलीपर्यंत. विषुववृत्तापासून साधारण पाच अंश तरी अंतर, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्याचा पीळ मिळतो. आणि वरखाली वारा जवळजवळ सारखा. जमिनीलगतचा वारा एकीकडे आणि दहा किमीवरचा दुसरीकडे जोरात असेल, तर हरिकेनचा गाभा तिरका होतो, ढगांचं खांबासारखं टोक बाजूला उडतं आणि वादळ विस्कटतं.

टोर्नेडोला नेमकं हेच, उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलणं, हवं असतं. त्यातून हवेचे आडवे पीळ तयार होतात, गडगडाटी ढगाचा वर जाणारा प्रवाह ते उभे करतो, ढग फिरायला लागतो (यालाच सुपरसेल म्हणतात) आणि त्याच्या पोटाखाली काही वेळा टोर्नेडो उतरतो. त्याची शिदोरी म्हणजे तो एक ढग. ढगाची थंड हवा खालून गुंडाळून आली की खेळ संपला. बहुतेक टोर्नेडो दहा मिनिटांच्या आत विरतात, रुंदी शंभर मीटरच्या आसपास, वाट काही किलोमीटरची. अपवाद मोठे आहेत: १८ मार्च १९२५ चा अमेरिकेतला ट्राय-स्टेट टोर्नेडो ३५२ किमी चालला आणि ६९५ माणसं गेली, ३१ मे २०१३ ला ओक्लाहोमात एल रेनोजवळचा ४.२ किमी रुंद झाला, याहून रुंद नोंदलेला नाही. सर्वांत जास्त बळी मात्र बांगलादेशात, २६ एप्रिल १९८९, दौलतपूर-साटुरिया, सुमारे १,३००.

त्याउलट हरिकेन गरम पाण्यावर आहे तोवर चालतं. २०२३ चं फ्रेडी हिंदी महासागरात ३६ दिवस टिकलं.

गंमत म्हणजे हरिकेन किनाऱ्याला लागलं की त्याच्या पोटातून टोर्नेडो निघतात. जमिनीच्या घर्षणाने खालचा वारा मंदावतो, वरचा तसाच राहतो, म्हणजे वर सांगितलेली अट आपोआप पुरी होते. उत्तर गोलार्धात पुढच्या उजव्या चतुर्थांशात जास्त. २००४ च्या आयव्हनने शंभराहून अधिक टोर्नेडो सोडले. बहुतेक ईएफ० किंवा ईएफ१ दर्जाचे, पण पाऊस आणि ढगांत दिसत नाहीत, झपाट्याने येतात.

आता डेरेचो. हा फिरत नाही, सरळ रेषेत धावतो. गडगडाटी ढगांची एक लांब रांग, धनुष्यासारखी पुढे फुगलेली. तिच्यामागून थंड जड हवा जमिनीवर आदळते आणि पुढे पसरते. पसरलेली हवा समोरची दमट हवा उचलते, नवे ढग उभे राहतात, रांग स्वतःला पुढे ढकलत राहते. नाव अमेरिकेतले गुस्टाव्हस हिनरिक्स यांनी १८८८ मध्ये दिलं. हल्ली वापरात असलेल्या व्याख्येनुसार नुकसानीचा पट्टा ६५० किमीच्या आसपास लांब आणि बहुतांश लांबीभर झटके ताशी ९३ च्या वर असले तर डेरेचो, नाहीतर नुसती वादळी रांग.

१० ऑगस्ट २०२० चा आयोवातला डेरेचो बघा: १४ तासांत सुमारे १,२४० किमी. मोजलेला झटका ताशी २०३ च्या आसपास, सिडार रॅपिड्समध्ये नुकसानीवरून काढलेला अंदाज २२५. झटका म्हणून हा कॅटेगरी ३ च्या हरिकेनमधल्या झटक्यांच्या पंगतीत बसतो, आणि तेही समुद्रापासून हजाराहून जास्त किमी आत, मक्याच्या शेतात, काही तासांच्या सूचनेवर. माझ्या मते धोक्याच्या मानाने सर्वांत दुर्लक्षित वादळ हेच, कारण लोकांना 'पाऊस येतोय' एवढंच वाटतं.

आपल्याकडे बंगालमध्ये वैशाखात येणारी कालबैसाखी याच जातकुळीतली, ढगांच्या रांगेतून सुटणारी. वळवाच्या आधी महाराष्ट्रात धुळीचा जो लोट सुटतो तो एकेका ढगाचा धाकटा प्रकार; वारा अचानक ताशी निदान २९ किमीने वाढून ४० च्या पुढे गेला आणि मिनिटभर टिकला, तर हवामान खात्याच्या वहीत त्याला स्क्वॉल म्हणतात.

हरिकेनहून रुंद वादळं बघायची असतील तर उत्तर अटलांटिकमधली हिवाळी वादळं बघा. ती गरम समुद्रावर नाही, थंड आणि उबदार हवेच्या फरकावर पोसली जातात. दोन-तीन हजार किमी सहज. जानेवारी १९९३ च्या ब्रेअर वादळाचा दाब ९१४ हेक्टोपास्कल, बऱ्याच कॅटेगरी ५ हरिकेनच्या तोडीचा. पण दाब इतका पडूनही वारा हरिकेनएवढा चढत नाही, कारण तो उतार हजार किमीवर पसरलेला असतो. हरिकेनमध्ये तेवढाच उतार डोळ्याभोवतीच्या (मधल्या शांत भागाभोवतीच्या) तीस-चाळीस किमीत कोंबलेला असतो.

---

पश्चिमवारा

एल रेनोबद्दल एक पुरवणी. तो इतका रुंद, फिरत्या रडारांनी ताशी ४७० च्या पुढचा वेग दाखवला, आणि अधिकृत दर्जा फक्त ईएफ३. कारण ईएफ दर्जा वेग मोजून देत नाहीत. वादळानंतर पथक फिरतं, २८ प्रकारच्या खुणा (घर, शाळा, खांब, झाडं) तपासतं आणि नुकसानीवरून वेगाचा अंदाज काढतं. एल रेनो मोकळ्या रानातून गेला, पाडायला मजबूत काही नव्हतं, म्हणून ईएफ३. मोकळ्या रानातून जाणाऱ्या टोर्नेडोंचा दर्जा असाच कमी लागतो.

हरिकेनचं उलटं. तिथे अमेरिकेत विमान वादळात जातं, साधारण ३ किमी उंचीवरचा वारा मोजतं, त्याला ०.९ ने गुणून समुद्रावरचा वेग काढतं आणि छत्रीला बांधलेली उपकरणं खाली सोडून पडताळतं. आपल्या समुद्रात अशी विमानं नेहमी जात नाहीत. उपग्रहाच्या चित्रातल्या ढगांच्या गुंडाळीवरून ड्वोराक पद्धतीने वादळाच्या जोराचा टी-क्रमांक देतात. टी ४ म्हणजे साधारण ६५ नॉट, ताशी १२० किमी.

---

वीट_वाळू_सिमेंट

वेगाचा आकडा इमारतीला कळत नाही, दाब कळतो. भारतीय मानक ८७५, भाग ३ मधलं सूत्र सोपं आहे: सेकंदाला मीटरमधल्या वेगाचा वर्ग गुणिले ०.६, उत्तर दर चौरस मीटरला न्यूटनमध्ये. ताशी १२० ला हे सुमारे ६६७ न्यूटन, म्हणजे ६८ किलोचा भार. २४० ला चौपट, २७२ किलो. ४८० ला १,०८७ किलो, भिंतीच्या प्रत्येक चौरस मीटरवर एक टनाहून जास्त. वेग दुप्पट, भार चौपट. म्हणून वरच्या श्रेणीतले १० टक्के खालच्या श्रेणीतल्या १० टक्क्यांपेक्षा फार महाग पडतात.

त्याच मानकात मुंबईसाठी मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, पुण्यासाठी ३९. हे ३ सेकंदांचे झटके, म्हणजे मुंबईचे ताशी १५८. देशातला सर्वांत वरचा गट ५५ मीटरचा, ताशी १९८.

पण वर कुणी वेळेचा मुद्दा पुरेसा काढला नाही. टोर्नेडो एका घरावरून काही सेकंदांत, फार तर दोन-तीन मिनिटांत जातो. छप्पर एकदाच खेचलं जातं. सांधा टिकला तर टिकला. हरिकेनमध्ये तेच छप्पर पाच-सात तास हजारो वेळा खेचून सोडलं जातं. ट्रेसीनंतर डार्विनमधल्या पत्र्यांची तपासणी झाली तेव्हा दिसलं की बरेच पत्रे जोराने फाटले नव्हते. स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक चिरा पडत पडत भोक मोठं झालं आणि पत्रा स्क्रूवरून निसटला. स्क्रू तसाच वाशात उभा. धातू थकतो, तसं. त्यानंतर ऑस्ट्रेलियात पत्र्याची चाचणी एका जोरावर नाही, हजारो हेलकावे देऊन घ्यायला लागले. यावर उपाय साधे आहेत: स्क्रूखाली रुंद टोपीचा वॉशर, आणि कडेच्या व कोपऱ्याच्या पट्ट्यात स्क्रूचं अंतर निम्मं, कारण ओढ सगळ्यात जास्त तिथेच असते.

शिवाय डोळा अंगावरून गेला तर वारा उलट दिशेने येतो. पहिल्या अर्ध्यात पूर्वेने सैल केलेलं, दुसऱ्या अर्ध्यात पश्चिम उचलते.

उडणाऱ्या वस्तूंची चाचणी बघितली तर दोन वादळांतला फरक हातात येतो. हरिकेनसाठीच्या खिडक्या-शटरवर ४.१ किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किमीने मारतात. टोर्नेडोच्या निवाऱ्याच्या भिंतीवर ६.८ किलोचा वासा ताशी १६१ किमीने. हरिकेन शटर लावलंय म्हणून टोर्नेडोत खिडकीजवळ बसायचं नाही.

आणि तो जुना सल्ला, 'टोर्नेडो येताना खिडक्या उघडा, दाब सारखा होईल, घर फुटणार नाही', तो विसरा. घर आतल्या दाबाने 'फुटत' नाही; उघड्या खिडकीतून वारा आत शिरतो, छताला आतून ढकलतो, बाहेरून ओढ आहेच, दोन्ही बेरजेत जातात. खिडक्या बंद, सर्वांत खालचा मजला, मधली छोटी खोली.

---

कुतूहल_कोपरा

एकच शेवटचं. ह्यूस्टनमधल्या नातेवाइकांसाठी अमेरिकन हरिकेन सेंटरची पत्रकं उघडली की त्यात '६४ नॉट ३० ३० १५ २५' असं काहीतरी असतं. तोच आकार का?

---

दर्यावर्दी

हो, आणि खरं तर पत्रकातला सर्वांत कामाचा भाग तोच. तीन ओळी असतात: ६४ नॉट, ५० नॉट, ३४ नॉट (ताशी सुमारे ११९, ९३ आणि ६३ किमी). प्रत्येक ओळीत चार आकडे, क्रम ईशान्य, आग्नेय, नैर्ऋत्य, वायव्य. केंद्रापासून त्या दिशेला तेवढ्या सागरी मैलांपर्यंत तितका वारा पोहोचू शकतो. सागरी मैल गुणिले १.८५२ म्हणजे किमी. तुमच्या उदाहरणात ईशान्येला हरिकेनचा वारा ३० मैल, म्हणजे ५६ किमीपर्यंत. नैर्ऋत्येला जेमतेम २८. उत्तरेकडे सरकणारं वादळ ह्यूस्टनच्या पश्चिमेने गेलं तर शहर जोरदार बाजूला, पूर्वेने गेलं तर हलक्या.

आकडे त्या चतुर्थांशातले जास्तीत जास्त आहेत, सगळीकडे तेवढे नव्हे. तयारीसाठी ३४ नॉटची ओळ बघा, ती पोहोचली की शिडीवर चढणं आणि खिडक्यांना फळ्या ठोकणं थांबवायचं. ६४ ची ओळ बघून निघायचं ठरवलं तर रस्ता आधीच बंद झालेला असतो. चेतावणीही ३४ नॉटचा वारा यायच्या ३६ तास आधी देतात, 'वॉच' (त्याआधीची पूर्वसूचना) ४८ तास आधी.

पत्रकं दर सहा तासांनी: जागतिक वेळ ३, ९, १५, २१, म्हणजे आपल्याकडे सकाळी साडेआठ, दुपारी अडीच, रात्री साडेआठ आणि पहाटे अडीच. धोका जवळ आला की मधे तीन तासांनीही.

नकाशावरचा पांढरा शंकू मात्र आकार समजू नका. तो फक्त केंद्र कुठे असू शकेल ते दाखवतो, आणि तेही साधारण तीनपैकी दोन वेळा. २०२४ च्या हेलेनचं केंद्र फ्लोरिडात किनाऱ्याला लागलं, सर्वांत जास्त माणसं गेली ती शेकडो किमी आत, नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात, पुरात. ह्यूस्टनसाठी शंकूपेक्षा पावसाचा नकाशा आणि घराचा पूरक्षेत्र क्रमांक आधी बघा. २०१७ च्या हार्वीत ह्यूस्टनच्या पूर्वेला टेक्सासातल्याच नेदरलँड गावाजवळ दीड हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला, आणि तेव्हा वारा केव्हाच हरिकेनच्या खाली आला होता.